रिपोर्टातला लाल आकडा आणि बंद झालेली शेंगाचटणी

पत्र थोडक्यात

जुळे सोलापूरहून ६८ वर्षांच्या एका वाचक बाईंनी लिहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. पुण्यातल्या मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून ऐंशी-पंच्याऐंशी तपासण्यांचं 'फुल बॉडी' पॅकेज आणि पोटाची सोनोग्राफी करवली. सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' निघालं. रक्तात एसजीओटी ३८ आणि एसजीपीटी ४२ (दोन्ही यकृताच्या पेशींतली द्रव्यं), प्लेटलेट्स २.१० लाख, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३. शेवटच्या पानावर लाल अक्षरांत: 'फिब-४: १.९०, मध्यम धोका, यकृततज्ज्ञांना भेटा.'

त्या संध्याकाळपासून बाईंनी तूप, दूध, शेंगाचटणी, भाजीतलं दाण्याचं कूट आणि रात्रीचं जेवण बंद केलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या चिठ्ठीवर 'लिव्हर' हा शब्द वाचला आणि तीही थांबवली. नऊ आठवड्यांत वजन ५८ वरून ५३.५ किलोवर आलं. आता जिना चढताना मांड्या थरथरतात. शेजारणीने 'लिव्हर साफ करणारा' काढा आणून दिलाय, मुलगा 'पुण्याला ये, पुढच्या तपासण्या करू' म्हणतोय, आणि हळदीकुंकवात नणंदेने सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, लिव्हर? तुमच्याकडे तर कुणी घेत नाही ना?" बाई विचारतात: मला सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) होणार का? पुण्याला जाऊ का? काढा घेऊ का? आणि शेंगदाणा कायमचा सोडायचा का?

उत्तर

ताई,

नणंदेच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण पत्रात रिपोर्टाला तुम्ही सहा ओळी दिल्यात आणि त्या एका वाक्याला पाऊण पान. लिव्हर म्हटलं की दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की माळकरी घरात यकृताचं काही निघालं तर माणसं रिपोर्ट गादीखाली ठेवतात. आम्हा डॉक्टरांचाही यात हात आहे. कित्येक वर्षं या आजाराचं नावच 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' होतं. जी बाई दारूच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावते, तिच्याही कागदावर दारूचा उल्लेख! २०२३ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून हे नाव बदललं. नव्या नावात दारू नाही, चयापचय आहे. म्हणजे साखर, रक्तदाब, पोटाचा घेर, रक्तातली चरबी. नणंदबाईंना सांगा, हा मधुमेहाच्या भावकीतला आजार आहे. मधुमेह म्हटलं की सोलापुरात कुणी भुवई उंचावत नाही, समोरचा लगेच स्वतःची साखर किती ते सांगायला लागतो.

आता तो लाल आकडा.

फिब-४ ही रक्तात सापडणारी वस्तू नाही. ते गणित आहे, आणि तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून फळ्यावर मांडल्यासारखंच मांडते. अंशस्थानी वय गुणिले एसजीओटी. छेदस्थानी प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे तुमच्या २.१० लाखांचे २१०. वर ६८ गुणिले ३८, झाले २५८४. खाली ४२ चं वर्गमूळ ६.४८, त्याला २१० ने गुणलं की १३६१ च्या आसपास. भागाकार १.९०. रिपोर्टातलं उत्तर बरोबर आहे, त्यांना पूर्ण मार्क.

पण हेच आकडे ४० वर्षांच्या बाईचे आहेत असं धरा. वर ४० गुणिले ३८, म्हणजे १५२०. खालचं तेच. उत्तर १.१२. त्या बाईला 'धोका कमी' अशी हिरवी ओळ मिळाली असती आणि ती संध्याकाळी भजी तळायला मोकळी. रक्तातला एकही आकडा हलला नाही, फक्त जन्मसाल बदललं.

वय गणितात घातलं ते उगाच नाही. यकृतावर व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा कडक वण, पडायला वर्षं लागतात, त्यामुळे वय वाढेल तसा व्रण असण्याचा संभव वाढतो. पण हे सूत्र २००६ मध्ये तयार झालं ते एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी. पुढे ते फॅटी लिव्हरला लावलं गेलं आणि १.३ ही खालची रेघ ठरली: त्याखाली काळजी नको, २.६७ च्या वर गेलं तर तज्ज्ञांकडे, मधलं ते 'मध्यम'. आता सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला हे सूत्र लावलं तर नुसत्या वयाच्या जोरावर धडधाकट माणूससुद्धा 'मध्यम'मध्ये जाऊन बसतो. हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये एका अभ्यासाने सुचवलं की पासष्टीपुढे खालची रेघ २.० धरावी, आणि पुढे यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ते आलं. तुमच्या रिपोर्टाच्या संगणकाला मात्र ते कुणी शिकवलेलं दिसत नाही. त्याने ६८ वर्षांच्या बाईला ४० वर्षांच्या बाईची फूटपट्टी लावली आणि लाल शाई ओतली.

तुमच्या वयाच्या रेघेने १.९० हे खालच्या बाजूला आहे. सिरॉसिस होणार का, याचं उत्तर त्यातच आलं: यकृतावर आज मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. 'कमी' म्हणते, 'शून्य' म्हणत नाही. रेघेच्या खाली असलात तरी फार खाली नाही, आणि साखर, रक्तदाब, पोटाचा घेर या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूने नाहीत. म्हणून वर्षभराने हेच आकडे पुन्हा काढायचे.

तुम्हाला वाटतंय, आजार म्हणजे यकृतातली चरबी. त्यामुळे ती जमेल तितक्या लवकर, जमेल त्या मार्गाने बाहेर काढायची. तुमची सगळी घाई इथून आली आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजार समितीत कांद्याची आवक कशी होते ते आठवा. येणाऱ्या गाड्या जास्त, उचल कमी. यार्डात ढीग लागतो. ढीग लागला म्हणजे लगेच नुकसान झालं असं नाही. आवक जरा आवरली आणि उचल वाढली की यार्ड मोकळं होतं. नुकसान होतं ते माल तिथेच पडून सडायला लागला की. यकृतात चरबी साठणं हा ढीग. सूज येणं म्हणजे सडायला सुरुवात. आणि त्या सुजेतून वर्षानुवर्षं व्रण धरत जाणं, ते फायब्रोसिस. त्याचं शेवटचं टोक सिरॉसिस. ढीग पुष्कळांच्या यार्डात असतो, शेवटच्या टोकाला जाणारे त्यांतले थोडे. फिब-४ ढीग मोजतच नाही, ते व्रणाचा अंदाज घेतं. उलट सोनोग्राफी ढीग बघते आणि व्रणाबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. ग्रेड १, २, ३ हे बघणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसऱ्या सेंटरमध्ये ग्रेड २ लिहून आलं तर आजार दुप्पट झाला असं समजू नका.

एसजीपीटीबद्दल दोन ओळी, कारण तुमच्यासारखंच पुष्कळ जण तो एकच आकडा बघतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की हे द्रव्य रक्तात झिरपतं. पण चरबी असूनही ते नॉर्मल असलेली माणसं भरपूर, आणि वय वाढेल तसं ते एरवीही थोडं खाली येतं. म्हणजे ज्येष्ठांमध्ये एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं नाही, आणि तुमच्यासारखं रेघेच्या आसपास आलं म्हणून बुडालो असंही नाही. प्लेटलेट्सकडे मात्र नीट बघा, कारण दर वर्षी त्या खाली खाली जात असतील तर त्याला अर्थ असतो: यकृतात व्रण वाढला की पानथरी (प्लीहा) मोठी होते आणि प्लेटलेट्स तिथे अडकून राहतात. तुमच्या लोखंडी कपाटात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची वगैरे जुनी फाइल असेल तर काढा. जुनी संख्याही आजच्यासारखीच २ लाखांच्या आसपास असेल तर मला तेवढंच पुरे.

आता ज्या गोष्टीने पत्र वाचताना मी खरी दचकले, ती पत्रात जिन्याच्या ओघात आली आहे. मांड्या थरथरतात.

नऊ आठवड्यांत साडेचार किलो. म्हणजे मूळ वजनाच्या जवळपास ८ टक्के. वजन घटलं की फॅटी लिव्हर सुधारतं, यात शंका नाही. ५ टक्के घटलं तरी चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते, १० टक्क्यांच्या पुढे व्रणही मागे हटू शकतो. हे आकडे तुमच्या मुलाने इंटरनेटवर वाचले असणार, तुम्हीही वाचले असतील. आणि तुमचं वजन थोडं उतरायला हरकत नव्हती; १५२ सेंटिमीटर उंचीला ५८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५, आणि आपल्याकडच्या माणसांत २३ च्या पुढेच जास्त वजन धरतात. 'मी तर बारीक' असं तुम्ही लिहिलंय, पण कंबरेचा घेर ९२ सेंटिमीटर आहे आणि बायकांत ८० च्या वर गेलं की पोटातली चरबी बोलायला लागते. पाळी गेल्यावर बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, यकृताकडेही. हातपाय बारीक आणि पोट पुढे ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते.

पण वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी उतरत नाही. उपाशी राहून वजन घटवलं की त्यातला साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो, आणि साठीपुढे गेलेले स्नायू आपणहून परत येत नाहीत. परत आणावे लागतात. त्यात स्नायू हे साखर रिचवणारं शरीरातलं सगळ्यात मोठं ठिकाण. तेच आटलं तर साखर पुन्हा यकृताच्याच दारात. म्हणजे यार्ड मोकळं करायला निघालात आणि माल उचलणाऱ्या हमालांनाच घरी पाठवलंत. पडणं, मांडीचं हाड मोडणं, अंथरूण धरणं या गोष्टींनी तुमच्या वयाच्या बायका जितक्या खचतात, तितक्या ग्रेड १ फॅटी लिव्हरने खचत नाहीत. शिवाय झपाट्याने वजन घटवलं तर पित्ताचे खडे होतात, ते वेगळंच.

घरच्या घरी दोन गोष्टी मोजा. शिंपी वापरतो तो टेप घ्या आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली, पुरुषांत ३४ च्या खाली असेल तर स्नायू आटल्याची शंका घ्यायची. दुसरं, भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्या, हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी पडतेय. त्यांनी शेजारीच उभं राहावं, हे वेगळं सांगायला नको.

तर आजपासून रात्रीचं जेवण चालू. आणि हो, शेंगाचटणीही चालू. ताई, सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याची? यकृतातली चरबी ताटातल्या तेलातुपातून उचलून तिकडे ठेवली जाते असं तुम्ही धरलंय. प्रत्यक्षात यकृत जास्तीची साखर आणि पिष्ट यांपासून स्वतःही चरबी तयार करतं. म्हणून मी तुमच्या पत्रात काय बंद केलं ते बघत नव्हते, काय चालू ठेवलंय ते शोधत होते. दिवसातून चार वेळा गुळाचा चहा, कारण 'गूळ चांगला'. चहासोबत टोस्ट किंवा खारी. सोमवार आणि दोन्ही एकादशींना साबुदाणा. आणि मुलाने सांगितलं म्हणून रोज सकाळी पेलाभर डाळिंबाचा रस. म्हणजे तूप गेलं, दूध गेलं, दाणे गेले, आणि ज्याने ट्रायग्लिसराइड्स २१२ वर गेले ते सगळं जागच्या जागी!

गूळ आणि साखर यकृताला सख्ख्या बहिणी. चहा दोनदा घ्या, गोड कमी करत न्या. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, अभिमानाने खा, पण दाणे सोलून वाटीभर; चार फळांचा रस एका दमात प्यायलात तर चोथा वाया जातो आणि साखर तेवढी पोटात जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी मोडा असं मी माळकरी बाईला सांगणार नाही. भगर थोडी, सोबत दाण्याची आमटी भरपूर आणि वाटीभर दही, उपवासही झाला आणि प्रथिनंही मिळाली. ज्वारीची भाकरी तुम्ही खाताच, मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर उत्तमच, पण तीन भाकऱ्यांऐवजी दीड भाकरी आणि उरलेल्या जागेत घट्ट वरण, मटकी, पालेभाजी.

प्रथिनांचा हिशेब असा: तुमच्या वयात रोज किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५५ ते ६५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण सहा-सात ग्रॅम देतं, पेलाभर दूध तितकंच, मूठभर शेंगदाणे सात, वाटीभर दही पाचेक, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, आणि एका भाकरीत चार-पाच ग्रॅम असतात. बेरीज तुम्हाला मी शिकवायला नको. फक्त दाण्याला माप ठेवा, मूठभर म्हणजे खरंच एक मूठ. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्या वाचकांनी मात्र हा हिशेब आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

वजन पुढे उतरवायचं असेल तर महिन्याला किलोभर, त्याहून भरभर नको. आणि पहिले दोन महिने तर वजन आहे तिथेच राहू द्या, ताकद येऊ द्या. रोज अर्धा तास चाला, पण आपल्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, सिद्धेश्वर तलावाकडे जा नाहीतर कॉलनीतच फेऱ्या मारा. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन उचलणं. नियमित व्यायामाने वजनाचा काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी उतरते. मला वाटतं, हे वाक्य प्रत्येक वजनकाट्यावर चिकटवायला हवं.

कोलेस्टेरॉलची गोळी. इथे मी जरा रागावूनच लिहिते. चिठ्ठीवर 'लिव्हर' लिहिलंय म्हणून तुम्ही ती परस्पर थांबवलीत. फॅटी लिव्हर असलेल्यांत सगळ्यात जास्त मृत्यू यकृताने होत नाहीत, हृदयविकाराने होतात. रक्तदाब, एचबीए१सी ६.३ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, एचडीएल ३८, आणि त्यात हृदय सांभाळणारी गोळी बंद. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, चालते, एसजीपीटी थोडं वाढलेलं असलं तरी चालते. यकृत अगदीच कोलमडलं असेल तरच प्रश्न येतो, आणि तुमचं तसं नाही. याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या फिजिशियनना भेटा, गोळी नऊ आठवडे बंद होती हे न लपवता सांगा आणि पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा.

काढ्याची बाटली शेजारणीला प्रेमाने परत करा. यकृत हे घासून साफ करायचं पातेलं नाही. साफसफाईचं काम शरीरात तेच करतं. बाटलीवर काय काय लिहिलंय ते तुम्ही पाठवलेल्या फोटोत नीट वाचता येत नाही, पण गुळवेल दिसतेय. कोविडच्या काळात घराघरांत गुळवेल शिजली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात तुम्ही पडू नका. माझा मुद्दा सोपा आहे: आज तुमचं यकृत नीट काम करतंय, त्यात काय घातलंय ते माहीत नसलेला काढा घेऊन उद्या एसजीपीटी ३०० झालं, तर ते चरबीचं की काढ्याचं हे मलाही सांगता येणार नाही.

पुण्याला जा, नातवंडांना भेटायला जा. तपासणीसाठी धावत जायची गरज मला दिसत नाही. यकृत किती कडक झालंय हे मोजणारी फायब्रोस्कॅन नावाची तपासणी आहे, सुई नाही, दुखत नाही, तीन तास उपाशी राहून करायची. ८ किलोपास्कलच्या खाली आकडा आला की मोठ्या व्रणाची शक्यता फारच कमी. फिब-४ २.० च्या वर गेलं तर ती करायचीच. तुमच्या बाबतीत ती आत्ता ऐच्छिक आहे. मुलाची झोप उडाली असेल आणि एका तपासणीने ती परत येणार असेल तर करून टाका, पण त्यासाठी सोलापूर सोडायच्या आधी आपल्या फिजिशियनना विचारा. बायोप्सीचा, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याचा, विषय मुलाने काढलाय, तो आत्ता मिटवून टाका. हेपॅटायटिस बी आणि सी मात्र एकदा बघून घ्या, आणि थायरॉइड. पंच्याऐंशी तपासण्यांत हेपॅटायटिसच्या या दोन नेमक्या राहून गेल्यात.

हे वाचून आपापले रिपोर्ट काढून बसणाऱ्यांसाठी थोडं. फिब-४ साठी पॅकेज लागत नाही. सीबीसी (प्लेटलेट्स मोजणारी साधी रक्ततपासणी), एसजीओटी आणि एसजीपीटी पुरे, आणि सरकारी रुग्णालयातही त्या होतात. २०२१ पासून फॅटी लिव्हर हा केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे, त्यामुळे मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीला गेलात की यकृताचंही विचारायला संकोच नको. पावसाळ्यात डेंग्यू किंवा दुसरा मोठा ताप येऊन गेला असेल तर महिना-दीड महिना थांबून मग रक्त द्या. डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात, एसजीओटी चढतं, आणि सूत्रात नेमके हेच दोन आकडे असल्यामुळे धडधाकट माणसाचं फिब-४ सुद्धा भलतंच निघतं. तापाबिपाशिवाय अचानक प्लेटलेट्स फारच कमी दिसल्या तर काचपट्टीवर हाताने मोजून घ्यायला सांगा. नळीत त्या कधी कधी गोळा होऊन बसतात आणि यंत्राला कमी दिसतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी लाल-हिरव्या शाईची वाट न बघता दर वर्षी-दोन वर्षांनी हे गणित स्वतः करावं. आणि पोटात पाणी झाल्यासारखी सूज, पायांवर सूज, डोळे पिवळे, डांबरासारखी काळी शौच, बोलण्यात गोंधळ यांतलं काही असेल तर कुठलंही सूत्र न मांडता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दारू घेणाऱ्या वाचकांनी माझ्या या उत्तरातला नणंदेचा परिच्छेद आपल्या सोयीने वापरू नये. चरबी असलेल्या यकृतावर रोजचे 'दोनच' पेग हे पेटत्या गवतावर रॉकेल आहे.

कार्तिकीला पंढरपूरला जाऊ का, हे तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं विचारलंय. जा. बसने जा, दर्शनबारीत तासन्तास उपाशी उभ्या राहू नका, पिशवीत दाण्याचा लाडू ठेवा, गूळ बेताचा घालून. तोवर तीन महिने होतील. परतल्यावर मला पुन्हा लिहा, वजन नाही लिहिलंत तरी चालेल, पण पोटरीचा घेर आणि खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागलेले सेकंद नक्की कळवा.